जैसलमेरला मुक्काम कुठे करावा: किल्ल्यात, शहरातील हवेलीत की वाळूतील तंबूत?

प्रश्न: तुरीचे शिवार (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. तूर घरात आली आणि कापसाची शेवटची वेचणी आटोपली की फेब्रुवारीत आम्ही सहकुटुंब जैसलमेरला जाण्याचे योजिले आहे. सोबत वडील आहेत. त्यांनी सत्तरी ओलांडली असून गुडघेदुखीमुळे त्यांना चढउतार झेपत नाही. आई माळकरी आहे, आणि मुलांना एक रात्र तरी वाळूत काढायची आहे. मुक्कामाबाबत मात्र जो भेटतो तो वेगळेच सांगतो. एका प्रवासी कंपनीने सगळ्याच रात्री सम या वाळूच्या टेकड्यांजवळील गावी तंबूंत काढण्याचा आग्रह धरला, गावातील एक गुरुजी म्हणतात की किल्ल्यातच राहावे, आणि माझ्या मेहुण्यांच्या मते धर्मशाळा असताना हॉटेलवर पैसा घालवू नये. मे महिन्यात 45 अंशांचे ऊन अंगावर घेणाऱ्या आपल्या भागातील माणसाला उष्णतेचे नवल नाही, पण वाळवंटातील थंडीचा आणि पाण्याच्या सोयीचा मला अंदाज येत नाही. शिवाय तेथील जुन्या लोकांनी तशा उन्हात घरे कशी बांधली, हे त्या घरांत राहून पाहण्याची मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर: धामकाठ (आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, घरे पाहायची असतील तर किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या गावात, हवेलीचे हॉटेल केलेल्या एखाद्या वाड्यात उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पटव्यांची हवेली, नथमलची हवेली आणि सालमसिंहाची हवेली या पाहण्याच्या वास्तू आहेत, तेथे मुक्काम होत नाही. परंतु त्याच गल्ल्यांमधील लहान वाडे आता प्रवाशांसाठी खुले झाले आहेत. आम्ही अशाच एका वाड्यात राहिलो होतो. दगडी भिंत इतकी जाड होती की खिडकीच्या कोनाड्यात माझी मुलगी पाय पसरून वाचत बसे. बाहेरच्या बाजूला कोरीव दगडी जाळी होती आणि दुपारी तिच्यातून येणाऱ्या उन्हाचे बारीक तुकडे फरशीवर पडत. वारा मात्र अखंड खेळता राही. मधोमध चौक, चहूबाजूंनी खोल्या, गल्ली अरुंद ठेवून समोरच्या घराची सावली आपल्या भिंतीवर घेण्याची युक्ती, हे सारे पाहताना आपल्याकडे धाब्याची माळवदे पाडून सिमेंटचे स्लॅब टाकताना आपण काय गमावले, याची मला फार खंत वाटली.

वडिलांच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. या वाड्यांचे जिने उंच पायऱ्यांचे आणि अंधारे असतात, म्हणून तळमजल्यावरील खोली मागावी. तळमजल्यावरील काही खोल्यांना बाहेर उघडणारी खिडकीच नसते, त्यामुळे खोलीचे छायाचित्र मागवल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. उन्हाळ्यात गारवा देणारा तोच दगड हिवाळ्यात रात्री बर्फासारखा होतो. रजाई आणि गरम पाण्याची खात्री करून घ्यावी.

आईंच्या जेवणाची काळजी नसावी. शहरात शुद्ध शाकाहारी भोजनालये पुष्कळ आहेत, आणि जैन समाजाचे वास्तव्य असल्याने कांदा-लसूण वर्ज्य केलेले जेवणही मागितल्यास मिळते.

उत्तर: मुरूम आणि चुना (रिसोड, जि. वाशीम)

गुरुजींचा सल्ला मला पटत नाही आणि त्यामागील कारण थोडे विस्ताराने मांडतो, कारण मी बांधकामाच्या व्यवसायात आहे आणि हा किल्ला पाहिल्यापासून हा विषय मनातून जात नाही.

रावळ जैसलने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. आजही त्यात काही हजार माणसे राहतात, दुकाने आहेत, जैन मंदिरे आहेत, आणि 2013 मध्ये चितोडगड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोण व आमेर यांच्यासोबत तो जागतिक वारसा यादीत आला. वर्षाकाठी सरासरी 200 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तो उभारला गेला आणि शतकानुशतके तेथील रहिवासी पायथ्याच्या गडीसर तलावातून घागरींनी पाणी वर नेत असत. इतक्या कष्टाने आणलेले पाणी कोणी सांडत नसे, आणि जे थोडे सांडपाणी निघे ते उघड्या मोऱ्यांतून वाहून सुकून जाई. पुढे नळ आले, घरोघरी संडास-न्हाणीघरे झाली, घरांची अतिथिगृहे झाली आणि खोलीगणिक फवाऱ्याची अंघोळ आली. टेकडी गाळाच्या ठिसूळ खडकाची आहे. गळक्या वाहिन्यांतून मुरलेले पाणी तिच्या पोटात उतरले आणि पाया सुटू लागला. काही बुरूज व राजवाड्यांचे भाग ढासळले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 1996 मध्ये धोक्यातील वास्तूंच्या आपल्या यादीत या किल्ल्याचा समावेश केला, तो यामुळेच. आपल्याकडे काळ्या मातीवर पाया कमी खोल घेतला आणि अंगणातले पाणी भिंतीशी मुरत राहिले की दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला तिरपी चीर जाते, हे कोणत्याही गवंड्याला विचारा. तेथे तीच गोष्ट साऱ्या टेकडीला होत आहे.

म्हणून मी लोकांना आग्रहाने सांगतो की किल्ल्यात दिवसभर फिरा, मंदिरे पाहा, गच्चीवर चहा घ्या, तेथील कारागिरांकडून वस्तू विकत घ्या. परंतु रात्रीचा मुक्काम आणि अंघोळ खाली करा. आपल्या वडिलांसाठीही ते बरे. चार पोल (म्हणजे दरवाजे) ओलांडत वर जाणारी वाट चढणीची आणि दगडी फरसबंदीची आहे, शिवाय पुढच्या गल्ल्यांत सामान हातानेच न्यावे लागते.

उत्तर: संत्रीवाला (वरूड, जि. अमरावती)

वरील बांधकामविषयक माहिती योग्य आहे, तरीही तिच्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. किल्ल्यातील रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत आले आहेत. ज्यांच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत आणि ज्यांचा संसार त्यावर चालतो, त्यांना सर्वांनीच पाठ दाखवली तर ते घर सोडून खाली जातील. रिकामे पडलेले घर कोणी लिंपत नाही, कोणी त्याचे छत पाहत नाही, आणि असे घर राहत्या घरापेक्षा लवकर कोसळते. सांडपाण्याच्या वाहिन्या नीट करणे हे प्रशासनाचे काम आहे व त्या दिशेने प्रयत्न झालेही आहेत. मोठे, भरपूर खोल्यांचे हॉटेल किल्ल्यात नसावे, हे मला मान्य आहे. मात्र धडधाकट प्रवासी एखाद्या कुटुंबाच्या घरात राहून बादलीभर पाण्यात अंघोळ करणार असेल, तर त्याला दोष देऊ नये. आपल्या वडिलांचे गुडघे पाहता आपण खालीच राहावे, एवढे मी मान्य करतो.

आता तंबूंविषयी. सम हे शहरापासून सुमारे 40 किलोमीटर पश्चिमेला आहे आणि तेथे कॅम्पची रांगच्या रांग लागलेली आहे. पलंग, जोडलेले न्हाणीघर, सायंकाळी कालबेलिया नृत्य व मांगणियारांचे गायन, जेवण, उंट अशी सर्व सोय एकाच भाड्यात मिळते, आणि वृद्धांना त्यात फारसा त्रास होत नाही. परंतु शेजारच्या कॅम्पचे ध्वनिवर्धक रात्री उशिरापर्यंत चालू राहिले की वाळवंटाची शांतता औषधालाही उरत नाही. सगळ्या रात्री तेथे काढायला लावणाऱ्या कंपनीचे ऐकू नये. त्यापेक्षा नैर्ऋत्येला असलेले खुडी हे गाव पाहा. तेथे मातीने सारवलेल्या, गवती छपराच्या खोल्यांत राहता येते, घरची बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी मिळते, आणि वाळूच्या टेकड्या गावाला लागूनच आहेत. माळढोक पक्ष्याचा देशातील मोठा आसरा असलेले मरू राष्ट्रीय उद्यान याच पट्ट्यात आहे. आपल्या वरोरा-भद्रावतीच्या माळांवरून हा पक्षी नाहीसा होत गेल्याचे ज्यांना दुःख आहे, त्यांनी निदान तेथे आवाज आणि कचरा करू नये.

धर्मशाळेचा पर्याय वाईट नाही, स्वच्छता बहुधा चांगली असते, पण रात्री दार बंद होण्याची वेळ आणि भोजनाचे नियम पाळावे लागतात. राजस्थान पर्यटन विकास महामंडळाचे शहरात ‘मूमल’ आणि समला ‘सम ढाणी’ अशी निवासस्थाने आहेत. दराबाबत घासाघीस करावी लागत नाही, ही त्यांची जमेची बाजू.

प्रश्नकर्त्याकडून: तुरीचे शिवार

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. किल्ल्याच्या पाण्याची हकिकत मी रात्री वडिलांना वाचून दाखवली. विहिरीचे पाणी मोजून वापरण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, आणि ते लगेच म्हणाले की आपण वर राहायचे नाही. त्यामुळे पायथ्याच्या वाड्यात तळमजल्यावरील खोल्या आणि मुलांसाठी खुडीत एक रात्र असे ठरवले आहे. एक शंका उरली: खोलीचे दर फारच कमी सांगणारी काही ठिकाणे दिसतात, त्यांवर विश्वास ठेवावा काय?

उत्तर: धामकाठ (आर्वी, जि. वर्धा)

अतिशय स्वस्त खोलीच्या मोबदल्यात उंटाची सफर आमच्याकडूनच घ्या, असा तगादा लावणारे काही मालक तेथे आहेत, आणि नकार दिला की त्यांची वागणूक बदलते. म्हणून खोली ठरवतानाच सफरीचे बंधन नाही, हे लेखी संदेशाने मान्य करून घ्यावे. दुसरे म्हणजे, माघ पौर्णिमेला संपणारा मरू महोत्सव आपल्या तारखांच्या जवळ येतो का, हे पंचांगात पाहावे. त्या दिवसांत भाडे चढते आणि तळमजल्यावरील खोल्या आधी भरतात, तेव्हा आरक्षण तूर विकण्याची वाट न पाहता आताच करावे. खुडीच्या रात्रीसाठी वडिलांना कानटोपी आणि लोकरी मोजे अवश्य घ्यावेत.