मदत हवी आहे: लॅपटॉपचं कंट्रोल बटण दाबलेलंच राहतंय

नमस्कार मंडळी, लॅपटॉपचं डावं कंट्रोल बटण हात न लावताही दाबून धरल्यासारखं वागतंय. स्क्रोल केलं की पान सरकायच्या ऐवजी झूम होतं, एस टाइप केला की सेव्हची विंडो उघडते आणि डब्ल्यू दाबला की अख्खा टॅबच बंद, अर्धवट भरलेला फॉर्म गेला, फार वैताग येतो हो. स्टिकी कीज (कंट्रोलसारखं बटण एकदा दाबलं की दाबलेलंच धरणारी विंडोजची सोय) बंदच आहे. ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडला की त्यावर डावं कंट्रोल आपोआप उजळलेलं दिसतं, तेच बटण जोरात दाबून सोडलं की सुटतं आणि थोड्या वेळाने परत तेच. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) चालवून बघितलं, तिथेही तसंच, म्हणजे विंडोजचा दोष नाही, बटणाखालीच काहीतरी आहे असं माझं मत. टोपण काढून ब्रशने धूळ काढली, रबर शाबूत दिसतंय.

रिपेअरवाला म्हणतो पूर्ण कीबोर्ड बदला, तो वरच्या पॅनेलला रिव्हेटने बसवलाय म्हणून खर्च जास्त. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून कोणाचं बटण सुटलंय का? नाहीतर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) स्कॅनकोड मॅप, म्हणजे कोणतं बटण काय करेल हे बदलणारी नोंद, टाकून फक्त डावं कंट्रोल बंद करता येईल ना, उजवं व्यवस्थित चालतंय. कोणी केलं असेल तर प्लीज नीट सांगा, मुलीचं प्रोजेक्ट याच लॅपटॉपवर चालू आहे.