छोट्या ट्रॅक्टरचा क्लच: गिअर वाजतो, प्लेट बदलावीच लागेल का?

प्रश्न

उसातील आंतरमशागतीसाठी घेतलेला माझा साध्या गिअरचा, सिंगल क्लचचा छोटा ट्रॅक्टर उसाची मोठी बांधणी (सरीला मातीची भर) झाल्यापासून पावसाळाभर शेडमध्ये उभाच होता. आता पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो आणि गिअर पडताच ट्रॅक्टर ओढ घेतो. मेकॅनिक क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बदलायला सांगत आहेत. ट्रॅक्टर उघडण्याआधी काय तपासावे?

उत्तर १

क्लच घसरणे आणि क्लच न सुटणे (पेडल दाबूनही इंजिन गिअरपासून वेगळे न होणे) हे दोन वेगळे दोष असून आपली लक्षणे दुसऱ्याची आहेत. प्लेट झिजून घसरत असती, तर ओझे पडताच इंजिनचा आवाज चढला असता, पण चाकांना वेग आला नसता. म्हणून आधी पेडलची मोकळी चाल पट्टीने मोजावी. हाताने दाबताना रिलीज बेअरिंग (पेडलने पुढे सरकणारे, क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या फिंगरना, म्हणजे तिच्या दांड्यांना, टेकेपर्यंत पेडल हलके जाते, तेवढे अंतर अनेक छोट्या ट्रॅक्टरांत 20 ते 30 मिमी असते. नेमका आकडा आपल्या पुस्तिकेतूनच घ्यावा. चाल वाढली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. ती पेडलला जोडलेल्या रॉडवरून कमी करता येते, मात्र त्या जोडणीतील पिनांची भोके लांबट झाली असतील तर तेवढ्याने भागत नाही.

उत्तर २

चाल बरोबर निघाली, तर मला गंजाचा संशय येतो, कारण दमट हवेत उभ्या ट्रॅक्टरची प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) चिकटते. अवजार काढून, डावे-उजवे दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडून, मोकळ्या सपाट रानात इंजिन गरम करावे. मग वरच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालता करून क्लच दाबून धरावा आणि ब्रेक थोडे थोडे दाबावेत. चिकटलेली प्लेट बहुधा अशी सुटते. आसपास माणूस किंवा जनावर नसावे, हे मी आग्रहाने सांगतो.

उत्तर ३

क्लच हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) तळाचे छिद्रही पाहावे. तिथून काळे, पातळ तेल ठिबकत असेल तर क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) मागचे तेल-सील गेले असण्याचा संभव अधिक. दाट, उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे. सील न बदलता नवी प्लेट बसवली, तर तीही तेलाने खराब होईल. यातून काहीच निष्पन्न झाले नाही, तरच ट्रॅक्टर उघडावा. पण एकदा उघडलाच, तर रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगही (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक पेलणारे) त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण मजुरीचा मोठा भाग उघडण्या-जोडण्यातच जातो.