मदत हवी आहे: कायोटीसाठी .223 रायफल किती यार्डांवर झिरो करावी?

पॅनहँडलकर
टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, अमरिलोच्या बाजूला, गुरांच्या रँचवर या हिवाळ्यात कायोटीची (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचं जनावर) शिकार करायची आहे. रँचमालकाची परवानगी आहे, परवानाही आहे. झिरो, म्हणजे गोळी बरोबर नेमावर लागावी असा स्कोप कोणत्या अंतरासाठी लावायचा, ते ठरत नाही. माहिती अशी:

रायफल बोल्ट-ॲक्शन, .223 रेमिंग्टन, बॅरल 24 इंची. काडतूस हॉर्नडीचं 55 ग्रेन (गोळीचं वजन) व्ही-मॅक्स, कंपनीने दिलेला वेग सेकंदाला 3240 फूट. स्कोप 3-9×40, एक क्लिक म्हणजे पाव एमओए (कोनाचं माप, 1 एमओए म्हणजे 100 यार्डांवर साधारण इंचभर). बॅरलच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत उंची 1.5 इंच. पाच गोळ्यांचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पसारा) 100 यार्डांवर सव्वा ते दीड इंच.

कॉल (जनावराचा आवाज काढून बोलावणारं साधन) वाजवून बसायचं, त्यामुळे बहुतेक जनावरं 60 ते 150 यार्डांत येतील. पण माळ उघडा आहे, एखादं 250 वरच थबकून उभं राहू शकतं. कोणी 100 वर झिरो करा म्हणतं, कोणी 200 वर, कोणी 50 वर केलं की 200 आपोआप जमतं म्हणतं. आणि जवळची रेंज फक्त 100 यार्डांची आहे. काय करावं आणि कसं?

कमान
200 यार्ड. का ते सांगतो, म्हणजे रायफल किंवा गोळी बदलली तरी हिशेब तुम्हाला स्वतःला करता येईल.

सुरुवात जनावरापासून करा. कायोटी दिसतो त्याहून बराच बारीक असतो, हिवाळ्यात केसांमुळे फसायला होतं. छातीतला मर्मभाग जेमतेम 4 ते 5 इंचांचा. म्हणजे नेम मधोमध धरला तर वर-खाली दोन-अडीच इंचांपलीकडे सूट नाही, आणि त्याच सुटीत तुमचा ग्रुपही बसला पाहिजे. हे दुसरं बहुतेक लोक मोजतच नाहीत.

तुमच्याच काडतुसाचे आकडे, 200 वर झिरो धरून:
50 यार्ड: 0.4 इंच वर
100 यार्ड: 1.4 इंच वर
120 च्या आसपास: 1.5 इंच वर, हा गोळीच्या वाटेच्या कमानीचा माथा
150 यार्ड: 1.3 इंच वर
200 यार्ड: शून्य
225 यार्ड: 1.4 इंच खाली
250 यार्ड: 3 इंच खाली
300 यार्ड: 7 इंच खाली

म्हणजे बंदुकीच्या तोंडापासून 225 यार्डांपर्यंत गोळी नेमापासून दीड इंचाहून जास्त हलत नाही. अगदी पायाशी, 10 यार्डांवर, ती इंचभर खाली लागते.

बॅलिस्टिक ॲप (गोळीच्या वाटेचा हिशेब करणारं) तुम्हाला याहून पुढचा झिरो सुचवेल. 4 इंचांचं वर्तुळ दिलंत तर ते 215 यार्डांवर झिरो आणि 250 यार्डांपर्यंत सरळ नेम असं उत्तर देतं. कागदावर ते बरोबर आहे, पण ॲप प्रत्येक गोळी कमानीवरच जाते असं धरतं. तुमच्या ग्रुपमुळे 125 यार्डांवर गोळी मध्यापासून जवळपास इंचभर इकडे-तिकडे जाणारच. 215 च्या झिरोत कमानीचा माथा 2 इंच, त्यात हा इंच मिळवला की 3 इंच वर, म्हणजे मर्मभागाच्या बाहेर. 200 च्या झिरोत तीच बेरीज 2.4 होते आणि कशीबशी आत राहते. ज्या अंतरावर सगळ्यात जास्त जनावरं उभी राहणार, तिथली चूक आधी कमी करायची.

300 वर झिरो करण्याच्या फंदात तर पडूच नका. मग 150 ते 175 यार्डांवर गोळी जवळजवळ 5 इंच वर असते, आणि कॉलला आलेलं जनावर नेमकं तिथेच थांबतं. गोळी पाठीवरून निघून जाते.

क्लिकमोजणी
कमान यांच्याशी सहमत. 100 यार्डांच्या रेंजवर हे कसं करायचं ते लिहितो.

आधी स्क्रू. बेस आणि रिंगचे (स्कोप रायफलवर धरून ठेवणारे भाग) स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, कंपनीने दिलेल्या आकड्यावर. रिंगच्या वरच्या टोप्यांना साधारण 15 ते 18 इंच-पाउंड असतो. अंदाजाने आवळलेला स्कोप दहा-वीस गोळ्यांत सरकतो, आणि मग माणूस झिरोच्या मागे धावत बसतो.

पहिलं टार्गेट 25 यार्डांवर. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, बोल्ट काढा, बॅरलमधून टार्गेटचा मध्य दिसेल अशी बसवा आणि रायफल न हलवता रेटिकल (स्कोपमधली फुली) त्याच मध्यावर आणा. बोल्ट घालून एक गोळी मारा. इथे एक क्लिक म्हणजे इंचाचा फक्त सोळावा भाग, म्हणून 100 यार्डांच्या चौपट क्लिक लागतात. गोळी मध्याच्या 0.4 इंच खाली लागली पाहिजे. बरोबर मध्यावर आणू नका.

मग 100 यार्ड. तीन गोळ्या, तिन्हींचा मध्य काढा, त्या मध्यावरून क्लिक फिरवा. एकेका गोळीमागे क्लिक फिरवणं ही सगळ्यात महागडी सवय आहे. दीड इंचाच्या ग्रुपमध्ये एकटी गोळी काहीच सांगत नाही. मध्य नेमावर आला की 5 किंवा 6 क्लिक वर जा. 5 क्लिक म्हणजे 1.3 इंच, 6 म्हणजे जवळपास 1.6. दोन्ही चालतील, 200 वर फरक अर्ध्या इंचाचा. ज्यांच्या स्कोपचा एक क्लिक 0.1 मिलचा (मिल हे कोनाचं दुसरं माप) आहे त्यांना 4 क्लिक, म्हणजे 1.44 इंच. बॅरल गार होऊ द्या आणि पाच गोळ्यांनी खात्री करा.

हे काम अजून अर्धंच झालं. 100 वर मध्य अर्धा इंच चुकला असेल तर 200 वर तोच एक इंच होतो. म्हणून रँचवर रेंजफाइंडरने 200 यार्ड मोजून, मागे मातीचा पक्का उतार किंवा बांध बघून कागद लावा आणि पाच गोळ्या मारा. 200 वर एक क्लिक अर्धा इंच. यार्ड आणि मीटरची गल्लत नको, 200 मीटर म्हणजे 219 यार्ड.

पिशवी पुढच्या लाकडाखाली ठेवा, बॅरलखाली कधीच नाही. सिमेंटच्या टेबलावर बायपॉड (दोन पायांचा टेकू) उडतो आणि गोळ्या वर जातात. शिकारीत ट्रायपॉड किंवा काठ्या वापरणार असाल तर शेवटच्या तीन गोळ्या त्यावरूनच मारा. सायलेन्सर लावणार असाल तर तो लावूनच झिरो करा, त्याच्या वजनाने लागण्याची जागा बदलते.

मेस्कीट
थोडं वेगळं मत. दक्षिण टेक्सासच्या झुडपांत 100 चा झिरोच बरा. याच काडतुसाला 150 वर पाऊण इंच खाली, 170 पर्यंत दीड इंचाच्या आत. तिथे त्यापलीकडे दिसतंच कुठे! आणि कुठल्याही 100 यार्डांच्या रेंजवर दहा मिनिटांत तपासता येतो, हिशेब नको. पण 200 वर तो पावणेतीन इंच खाली आणि 300 वर 11 इंच. पॅनहँडलच्या उघड्या माळावर मीही 200 च म्हणेन.

50 यार्डांबद्दल: ती गोष्ट एआर (एआर-15 प्रकारच्या) रायफलची आहे. तिथे स्कोप बॅरलपासून 2.6 इंचांच्या आसपास उंच असतो, आणि सुमारे 3000 फुटांच्या वेगाला 50 वर झिरो केलं की गोळी परत 200 च्या आसपास नेमावर येते. तुमचा स्कोप 1.5 इंचांवर आहे. 50 वर झिरो केलात तर दुसऱ्यांदा ती 150 लाच नेमावर येईल, 200 वर पावणेदोन इंच खाली.

वाराबघ्या
पॅनहँडल म्हणताय आणि वाऱ्याचं कोणीच बोलत नाही! ताशी 10 मैलांचा आडवा वारा ही गोळी 100 वर 1 इंच, 200 वर साडेचार इंच आणि 300 वर 11 इंच ढकलतो. तिकडे 15-20 मैलांचा वारा म्हणजे रोजचाच. 200 वर 20 मैलांचा आडवा वारा असेल तर मधला नेम धरून गोळी 9 इंच बाजूला, म्हणजे चुकली किंवा, त्याहून वाईट, पोटात लागली. झिरोच्या अर्ध्या इंचावर जितका वाद घालता तितका वेळ वारा वाचायला द्या. बसताना तोंड असं ठेवा की गोळी मारायची दिशा वाऱ्याच्या शक्य तितकी उलट असेल. कायोटी मात्र वळसा घालून वाऱ्याखाली (वारा जिकडे वाहतो त्या बाजूला) यायला बघतो, म्हणून बाजूचा माळही नजरेत ठेवा. जोराच्या वाऱ्यात स्वतःची हद्द 150 वर आणा.

पॅनहँडलकर
सगळ्यांचे आभार. दोन शंका. वेग 3240 नसून कमी निघाला तर हिशेब बिघडेल का? आणि 250 वर उभा असलाच तर किती वर धरू?

कमान
3100 निघाला तरी 100 वर 1.4 ऐवजी 1.6 इंच वर ठेवावं लागेल, म्हणजे जेमतेम एक क्लिक. म्हणूनच 200 वर कागद मारायचा. तो केला की वेगाची काळजी उरत नाही. गोळीचं वजन किंवा कंपनी बदललीत तर मात्र सगळं पुन्हा. कॅलिफोर्नियात जाणार असाल तर तिथे 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची घ्यावी लागेल आणि झिरो नव्याने.

250 वर उत्तर तुमच्या ग्रुपमध्ये आहे. तिथे दीड एमओए म्हणजे जवळपास 4 इंचांचा ग्रुप, अख्खा मर्मभाग. 3 इंच वर धरलंत तरी वारा शून्य हवा. या रायफलने 200 ही हद्द ठेवा आणि पुढच्याला कॉलने आणखी जवळ आणा. ग्रुप एक इंचाच्या आत आला की 250 चा विचार करा. व्ही-मॅक्स पातळ कवचाची, लगेच फुटणारी गोळी आहे. तिरका उभा असताना खांद्याच्या हाडावर बसली तर वरच फुटून जखमी जनावर पळतं. आडवा उभा राहीपर्यंत थांबा, खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या निम्म्या उंचीवर धरा.

क्लिकमोजणी
स्कोपमध्ये मध्याच्या खाली, लांबच्या अंतरासाठी खुणा असतील तर एक लक्षात ठेवा: साध्या 3-9 स्कोपमध्ये त्या ठराविक झूमवरच खऱ्या असतात, बहुधा 9 वर. कॉलिंगला लोक 4 वर बसतात आणि तीच खूण धरतात, मग गोळी वरून जाते.

वाचणाऱ्यांपैकी कोणी एच-1बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असेल तर: फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. परवाना आधी, रेंज नंतर, आणि त्याची मुदत संपू देऊ नका.