कप्प्या मोजून कोण पुढारलेलं ठरतं?

शिडवाला: काल एका इंजिनियर साहेबांची पोस्ट वाचली. "इंग्रजांच्या ७४ तोफांच्या युद्धनौकेवर नऊशेच्या वर कप्प्या, आपल्या गलबतावर बोटांवर मोजण्याइतक्या. कप्पी लावली की वजन फुकटात वर जातं, पण आपल्याला वीस माणसं जुंपायची हौस!" डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

फुकटात काही जात नाही हो. दोन-दोन चाकांच्या दोन कप्प्या लावल्या तर ४०० किलोच्या परबाणाला (शीड ज्याला बांधतात त्या आडव्या लाकडाला) कागदावर १०० किलोची ओढ पुरते. लाकडी चाकामागे दहा टक्के घर्षण धरा, ती १४० वर गेली. वर एक मीटर चढवायला चार मीटर दोर खेचायचा.

चौकोनी शिडांच्या जहाजावर प्रत्येक शिडाला चढवायचे, कोपरे ताणायचे, गुंडाळायचे दोर वेगवेगळे, म्हणून एवढा पसारा. आपल्याकडे तिरकं परबाण, त्याला एक भलंमोठं शीड. परबाण चढवायचा दोर मागे वाऱ्याच्या अंगाला बांधला की डोलकाठीला आधारही तोच देतो. गरजच नाही तिथे कप्प्या टांगायच्या कशाला?

गणिती_पुणे: मीच तो इंजिनियर. नमस्कार. आता वळायचं सांगा. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्यातून नाळ (पुढचं टोक) फिरवून मोकळं होतं. तुमचं गलबत वारा पाठीवर घेणार, परबाण उभं करणार, डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेणार. समोर तोफा चालू असताना! आणि इंग्लंडात पोर्ट्समथच्या गोदीत ब्रुनेलच्या कप्प्या बनवायच्या यंत्रांवर ११० कारागिरांचं काम दहा अकुशल माणसं करायची. १८०८ मध्ये १,३०,००० कप्प्या. याला पुढारलेलं नाही तर काय म्हणायचं?

शिडवाला: कारखाना पुढारलेला, मान्य. त्यावरून खलाशी अडाणी कसा ठरतो? आणि १७५६ ला विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं ते बंदरात उभं असताना. तिथे वळायचा प्रश्न कुठे आला?

घाटावरचा: आले, पेशवे येणार आता. मी चहा ठेवतो.

तांडेलाची_नात: पेशवे राहू द्या. आजोबा जयगडहून मुंबईला मचवा न्यायचे. घरात त्यांची एक कप्पी आहे. चाकाचं भोक झिजून अंड्यासारखं झालंय. त्यामुळे चाक डुगडुगायचं, दोर चाक आणि कप्पीच्या गालाच्या (बाजूच्या फळीच्या) फटीत शिरायचा, नि परबाण अर्ध्यावर अडकायचं. मग कोणीतरी वर चढून तो दोर मोकळा करायचा, खाली बोट हेलकावतेय. ते म्हणायचे, जितकी चाकं तितकी अडकायची ठिकाणं. गणिती साहेब, हे तुमच्या कागदावर कुठे बसतं?

गणिती_पुणे: झिजलेलं चाक बदलायचं असतं, ताई.

तांडेलाची_नात: भर समुद्रात? पुण्याहून मागवून?

नाखवा_३३: शिडं गेली, कप्प्या गेल्या, तुम्ही अजून तिथेच. चाकाला यंत्र लागलं तिथून खरी वाट लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेत मारिओ पुरेतिचने यंत्रावर फिरणारी कप्पी काढली, अख्खं पर्ससीन जाळं (माशांच्या थव्याला वेढून खालून दोराने पिशवीसारखं आवळायचं ते) ओढणारी. आपल्याकडे पर्ससीनचा दोर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर. २०१६ ला राज्याने निर्बंध घातले, २०१७ ला केंद्राने एलईडी मासेमारी (दिव्यांच्या उजेडाने मासे जमवून पकडणं) बंद केली. रात्री किनाऱ्यावर उभे राहा आणि दिवे मोजा.

बंदरावरचा: सगळे पर्ससीनवाले चोर का? माझ्या बोटीवर तीस घरांच्या चुली आहेत. एलईडीवाल्यांना पकडा की, आम्ही पण तेच म्हणतोय.

नाखवा_३३: पिल्लांसकट बांगडा उचलता तेव्हा कोणाच्या चुली विझतात? आमच्या लहान होड्या डिझेल जाळून रिकाम्या परत येतात.

बंदरावरचा: तुमच्या डोल जाळ्यात पिल्लं येत नाहीत वाटतं! बारीक आसाचं (भोकांचं) जाळं कोण लावतं ते बोलायला लावू नका.

शिडवाला: अहो, धागा शिडाचा आहे!

नाखवा_३३: मग शीड लावून मासेमारी करून दाखवा.

गणिती_पुणे: असो. एका शिडाला नऊशे कप्प्या लागत नाहीत, हे महान सत्य मी स्वीकारतो. गोव्यात बांधलेल्या 'तरंगिणी' या नौदलाच्या शिडाच्या जहाजाच्याही मागच्या डोलकाठीवर चौकोनी शीड नाही, हेही तुमच्या पदरात टाकतो. पण वारा समोरून असला तर मचवा मुंबईला पोचायचा कधी?

तांडेलाची_नात: पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघायचे, दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर पुढे. अगदीच समोरून आला तर नांगर टाकून जेवून घ्यायचे.

गणिती_पुणे: म्हणजे उशिराच.