व्हॅक्यूम ब्रेकरच्या कॉन्टॅक्टची झीज: रिले ६१ टक्के दाखवतो, रेझिस्टन्स मात्र उत्तम. खरे काय मानावे?

कोकण_उपकेंद्र (प्रश्न)

नमस्कार. मी कोकणातील एका ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडील एका ११ केव्ही फीडरचा (बाहेर जाणाऱ्या लाइनचा) व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे निर्वात जागेत करंट तोडणारा स्विच, १४ वर्षांपासून सेवेत आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पॅनेलमधील जुने रिले काढून न्यूमेरिकल रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडवणारे संगणकीय उपकरण) बसवला, तेव्हा ब्रेकरचा काउंटर १,४५० वर होता आणि आज तो १,८६० वर आहे. या रिलेत प्रत्येक पोलच्या (म्हणजे प्रत्येक फेजच्या) कॉन्टॅक्टची झीज टक्केवारीत दाखवण्याची सोय आहे. गेल्या आठवड्यात मी ते पान प्रथमच नीट पाहिले, तेव्हा आर पोल १४ टक्के, वाय पोल ११ टक्के आणि बी पोल तब्बल ६१ टक्के झिजल्याचे दिसले.

पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत १०० अँपिअर डीसी देऊन घेतलेला कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स अनुक्रमे ४२, ४४ आणि ४७ मायक्रोओहम आला होता, म्हणजे तिन्ही पोलमध्ये फारसा फरक नव्हता. या दोन मोजमापांचा मेळ मला बसत नाही. देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेने टक्केवारी पाहताच तिन्ही बॉटल (कॉन्टॅक्ट असलेल्या निर्वात कुप्या) बदलण्याचे अंदाजपत्रक दिले, तर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की रेझिस्टन्स चांगला असताना बॉटलला हात लावण्याचे कारणच नाही.

ब्रेकर १,२५० अँपिअर, २५ किलोअँपिअर क्षमतेचा आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेतील आलेखानुसार १,२५० अँपिअरला १०,००० आणि २५ किलोअँपिअरला १०० वेळा तोडण्याची मुभा आहे. बसबारला १० एमव्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर असून फॉल्ट करंट ६ किलोअँपिअरच्या वर जात नाही. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चाचणी_विभाग_नाशिक

आपण आकडे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी रेझिस्टन्सबद्दल. व्हॅक्यूम बॉटलमधील कॉन्टॅक्ट तांबे आणि क्रोमियमच्या मिश्रणाचे, समोरासमोर टेकणारे असतात. त्यांचा रेझिस्टन्स प्रामुख्याने ते एकमेकांवर किती जोराने दाबले जातात यावर ठरतो, किती जाडी शिल्लक आहे यावर नव्हे. दोन मिलिमीटर धातू आर्कमध्ये (कॉन्टॅक्ट सुटताना पडणाऱ्या ठिणगीत) उडून गेला तरी मागची स्प्रिंग पुरेशी दाबलेली असेपर्यंत मायक्रोओहम जवळजवळ तेच राहतात; वाइप, म्हणजे कॉन्टॅक्ट टेकल्यानंतर स्प्रिंग आणखी जितकी दबते ते अंतर, संपत आले की मगच मायक्रोओहम एकदम चढू लागतात. म्हणून तिन्ही पोलचा रेझिस्टन्स सारखा आहे, एवढ्यावरून झीजही सारखीच आहे असे ठरत नाही. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत या बाबतीत मला मान्य नाही.

मात्र रिलेची टक्केवारीही मला खरी वाटत नाही. पुस्तिकेतील दोन बिंदू लॉग-लॉग कागदावर जोडून पाहा. करंट २० पट वाढला की मुभा १०० पट घटते, म्हणजे घातांक सुमारे १.५४ येतो. या रेषेवर ६ किलोअँपिअरला साधारण ९०० वेळा तोडण्याची मुभा निघते. आता ६१ टक्के झीज व्हायची तर बी पोलने गेल्या तीन वर्षांत पूर्ण ६ किलोअँपिअर सुमारे ५५० वेळा तोडलेला असला पाहिजे. आपला काउंटर याच काळात ४१० ने पुढे गेला आहे आणि त्यातही लोडवरची व देखभालीच्या वेळची ऑपरेशन्स आलीच. जितक्या वेळा ब्रेकर उघडलाच नाही, तितके फॉल्ट त्याने तोडले कसे?

तेव्हा रिलेतील ब्रेकर मॉनिटरची सेटिंग उघडून पाहा. संरक्षणाची सेटिंग सगळे तपासतात, पण या पानावर कारखान्यातून आलेले आकडे तसेच राहून गेलेले मी अनेकदा पाहिले आहेत. सीटी रेशो (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर), करंटचे बिंदू आणि प्रत्येक बिंदूला दिलेली ऑपरेशन्स, या तिन्ही गोष्टी पाहा. त्याचबरोबर बी पोलचे फॉल्ट रेकॉर्ड उतरवून घ्या आणि एकदा हाताने बेरीज करा.

१३२केव्ही_देखभाल

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त नवीन मंडळींनी हा हिशेब एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड वायू वापरणाऱ्या) ब्रेकरला जसाच्या तसा लावू नये, म्हणून थोडे लिहितो. तिथे मुख्य कॉन्टॅक्ट चांदीचा मुलामा दिलेले असतात आणि आर्क सोसण्यासाठी तांबे-टंगस्टनचे वेगळे आर्किंग कॉन्टॅक्ट असतात. उघडताना मुख्य कॉन्टॅक्ट आधी सुटतात, आर्किंग कॉन्टॅक्ट नंतर. ब्रेकर बंद स्थितीत, म्हणजे कॉन्टॅक्ट जोडलेले, असताना मोजलेले मायक्रोओहम मुख्य कॉन्टॅक्टचे असतात. झिजतो तो मात्र आर्किंग कॉन्टॅक्ट. त्यासाठी डीसीआरएम करावे लागते, म्हणजे कॉन्टॅक्ट हलत असताना रेझिस्टन्सचा आलेख काढायचा आणि तो ट्रॅव्हलच्या आलेखाशी जुळवून आर्किंग कॉन्टॅक्टची किती लांबी उरली ते वाचायचे.

एका ब्रेकरचा स्थिर रेझिस्टन्स आम्हाला ३८ मायक्रोओहम मिळाला होता आणि आम्ही समाधानाने अहवाल बंद केला होता. पुढच्या वर्षी डीसीआरएममध्ये आर्किंग कॉन्टॅक्टचा टप्पा जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरलेला दिसला. पोल उघडला तेव्हा ट्यूलिपच्या (फुलाच्या पाकळ्यांसारख्या आर्किंग कॉन्टॅक्टच्या) बोटांची टोके मेणबत्ती वितळावी तशी गोल झाली होती, नॉझलचे तोंडही रुंदावले होते, आणि शेजारचे मुख्य कॉन्टॅक्ट मात्र नव्यासारखे चकचकीत होते. तो अहवाल मी लिहिला होता, याची बोचणी अजून आहे.

वाइप_मोजणारा

रिलेचा हिशेब कितीही अचूक केला तरी तो अंदाजच आहे, कारण कॉन्टॅक्ट सुटल्यापासून करंट शून्यावर येईपर्यंतचा खरा आर्किंग टाइम रिलेला दिसत नाही. पहिल्या ११ वर्षांचा तर त्याच्याकडे हिशेबच नाही. नवीन रिलेने शून्यापासून मोजायला सुरुवात केली, पण ब्रेकर तेव्हा नवा नव्हता. म्हणून शटडाउन घेऊन प्रत्यक्ष मोजमाप करणे भाग आहे.

पर्मिट घ्या, दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. प्रथम ब्रेकर बंद स्थितीत ठेवून, मेकॅनिझम अनवधानाने सुटू नये याची निर्मात्याने सांगितलेली व्यवस्था करा आणि प्रत्येक पोलच्या कॉन्टॅक्ट स्प्रिंगची लांबी व्हर्नियरने घ्या. मग ब्रेकर उघडून तेच मोजमाप पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे वाइप. उभारणीच्या वेळच्या अहवालातील वाइपमधून आजचे वाइप वजा केले की दोन्ही कॉन्टॅक्टची मिळून झालेली झीज मिळते. काही बॉटलच्या हलत्या दांड्यावर झिजेची खूण असते. ती असेल तर तीही पाहा. बहुतेक बॉटलना एकूण दोन ते तीन मिलिमीटर झिजेची मर्यादा असते, पण आपल्या बॉटलचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा.

यात एक फसवा भाग आहे आणि तो जुन्या ब्रेकरच्या बाबतीत हमखास भोवतो. मधल्या काळात कोणी ओव्हरहॉल करताना ड्राइव्ह रॉड (हलत्या कॉन्टॅक्टला ढकलणारा दांडा) फिरवून वाइप पूर्ववत केले असेल, तर मोजमाप उत्तम येते आणि झीज मात्र लपून राहते. त्यामुळे १४ वर्षांच्या देखभालीच्या नोंदी चाळून ड्राइव्ह रॉडला हात लागला होता का, ते आधी शोधा. लागला असेल तर तेव्हाची भरपाई आजच्या झिजेत मिळवावी लागेल.

शटडाउन मिळालेच आहे तर उघड्या कॉन्टॅक्टवर पॉवर फ्रिक्वेन्सी हाय व्होल्टेज चाचणीही करून घ्या. १२ केव्ही वर्गाला मूळ चाचणी एक मिनिट २८ केव्हीची असते आणि जागेवर तिच्या ८० टक्के, म्हणजे २२.४ केव्ही देण्याचा प्रघात आहे. बॉटलमधील निर्वात स्थिती गेली असेल तर झिजेचा कोणताही हिशेब ते सांगणार नाही. ठरल्यापेक्षा जास्त व्होल्टेज मात्र मुळीच देऊ नका, कारण तसे केल्यास बॉटलमधून क्ष-किरण बाहेर पडू शकतात.

कॅपॅसिटर_पॅनेल

एक छोटी भर. रिलेचा हा हिशेब ब्रेकर उघडतानाचा आहे. कॅपॅसिटर बँकेच्या ब्रेकरमध्ये बंद होताना कॉन्टॅक्ट टेकण्याआधीच आर्क पडतो, इनरश करंट (जोडतानाचा क्षणिक मोठा करंट) त्यातून जातो आणि पृष्ठभाग ठिकठिकाणी चिकटून पुन्हा फाटतो. ती झीज या टक्केवारीत येत नाही. आपला फीडर साधा आहे, त्यामुळे आपल्याला चिंता नाही. त्याच उपकेंद्रात कॅपॅसिटर बँक असेल तर तिच्या ब्रेकरबाबत मात्र रिलेच्या कमी टक्केवारीवर निर्धास्त राहू नये.

कोकण_उपकेंद्र

सर्वांचे मनापासून आभार. शटडाउन कालच मिळाले, त्यामुळे सविस्तर कळवतो.

रिलेच्या सेटिंगमध्ये चूक सापडली. सीटी रेशो बरोबर होता, पण वरच्या बिंदूला २५ किलोअँपिअर आणि १०० ऑपरेशन्सऐवजी ८ किलोअँपिअर आणि ५० ऑपरेशन्स हे मूळचे आकडे तसेच राहिले होते. फॉल्ट रेकॉर्ड उतरवले तेव्हा बी पोलवर ५ किलोअँपिअरच्या आसपासची साधारण १०० आणि ३ किलोअँपिअरच्या आसपासची ७० ट्रिपिंग निघाली, ऑटो-रिक्लोजनंतरची, म्हणजे ब्रेकर आपोआप पुन्हा जोडला गेल्यावरची, दुसरी ट्रिपिंग धरून. चुकीच्या रेषेवर ५ किलोअँपिअरला सुमारे १९० आणि ३ किलोअँपिअरला ८२० वेळांची मुभा येते, त्यामुळे बेरीज बरोबर ६१ टक्क्यांच्या जवळ जाते. पुस्तिकेच्या रेषेवर हीच मुभा सुमारे १,२०० आणि २,६०० येते आणि बेरीज ११ टक्क्यांवर थांबते.

वाइपची मोजणी दोनदा केली. उभारणीच्या अहवालात तिन्ही पोलचे वाइप ४ मिलिमीटर आहे. आज आर ३.८, वाय ३.९ आणि बी ३.४ मिलिमीटर मिळाले. बी पोलची झीज ०.६ मिलिमीटर झाली आणि आमच्या बॉटलची मर्यादा ३ मिलिमीटर आहे, म्हणजे १४ वर्षांत पाचवा हिस्सा गेला. ड्राइव्ह रॉडला हात लागल्याची नोंद कुठेही नाही आणि लॉकनटवर कारखान्याचा रंग अजून अखंड आहे. हाय व्होल्टेज चाचणीतही तिन्ही पोल टिकले. आता रिलेत दुरुस्त आकडे भरून सुरुवातीची झीज आरला ७, वायला ३ आणि बीला २० टक्के अशी नोंदवली आहे आणि बॉटल बदलण्याचे अंदाजपत्रक कारणांसह परत पाठवले आहे.

एकट्या बी पोलवरच इतके फॉल्ट का, हा प्रश्न मनातून जात नव्हता. ५ किलोअँपिअर म्हणजे फॉल्ट उपकेंद्राच्या अगदी जवळ, म्हणून आज सकाळी लाइन चालत पाहिली. कुंपणापासून तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये बांबूचे बेट आहे आणि त्याच बाजूला बी फेजची तार आहे. वाऱ्याने वाकणाऱ्या शेंड्यांवर भाजल्याच्या काळ्या खुणा स्पष्ट दिसतात. जागेच्या मालकांशी बोलणे झाले आहे. ते बेट छाटायला तयार आहेत आणि सोमवारी आमची माणसे तिथे जातील.

चाचणी_विभाग_नाशिक

उत्तम काम केलेत. छाटणी झाली की त्या दिवसाचा काउंटर आणि तिन्ही पोलची टक्केवारी पॅनेलच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवा आणि दिवाळीच्या सुमारास बी पोल किती पुढे गेला ते इथे कळवा. त्याच उपकेंद्रातील बाकीच्या फीडरचे रिले त्याच वेळी बसवले असतील, तर त्यांचेही ते पान याच आठवड्यात उघडून पाहा.