पायथन: टॉवेलची लांबी 20 च्या टप्प्यात कशी बसवायची?

प्रश्न (सोलापूर): लूमच्या ऑर्डरशीटसाठी मापं 70 ते 150 सेंमी, टप्पा 20. 20 ने भागून राऊंड करून परत गुणलं, तर 93 चे 100 येतात. 90 हवेत.

उत्तर: टप्पे शून्यापासून मोजताय राव! आधी मिन-मॅक्स (लहान-मोठा आकडा निवडणारी फंक्शन्स) वापरून माप 70–150 मध्ये अडवा. मग 70 वजा, 20 ने भाग, राऊंड, गुणिले 20, अधिक 70. 93 चे 90.

उत्तर: राऊंड मधोमधचा भागाकार सम पूर्णांकाकडे ढकलतो (0.5 चा 0, 1.5 चा 2). 80 चे 70 होतात, पण 100 चे 110! त्यापेक्षा भागाकारात 0.5 मिळवून फ्लोअर (खालचा पूर्णांक) घ्या.

प्रश्नकर्ता: जमलं. वरची मर्यादा 145 केली तर?

उत्तर: 144 चे 150 होतील. शेवटी मिन लावलं तर 145, तेही टप्प्याबाहेर. वरची मर्यादाच आधी 130 वर, म्हणजे 145 च्या आतल्या शेवटच्या टप्प्यावर आणा.