रोझेट आणि बाइंडिंग मनासारखे झाले नाही: काढावे, झाकावे की तसेच ठेवावे?

शिसवतार (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

घरच्या लहानशा कार्यशाळेत मी पोलादी तारांची, ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) आकाराची अकूस्टिक गिटार बांधत आहे. वरची फळी सिटका स्प्रूसची आहे, पाठ आणि बाजू शिसवीच्या आहेत. खोके बंद झाले असून बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, चिकटवून घासलेले आहे. मान अजून जोडलेली नाही आणि पॉलिशलाही हात लावलेला नाही. आतील ब्रेसिंगची, म्हणजे फळीला आधार देणाऱ्या पट्ट्यांची, मला सर्वांत जास्त धास्ती होती, परंतु ते काम मनाजोगे उतरले. केवळ शोभेचे म्हणून जे सोपे वाटले होते, तेच आता समोरून पाहताना सर्वप्रथम डोळ्यांत खुपते.

साउंडहोलभोवतीचे (फळीतील गोल छिद्राभोवतीचे) रोझेट हे शिसवीच्या एकाच पातळ फळीतून कापलेले सलग कडे आहे आणि त्याच्या बाहेरच्या कडेला काळ्या रंगवलेल्या विनिअरची एक बारीक रेघ आहे. या कड्याच्या बाहेरच्या बाजूला काही ठिकाणी ०.३ ते ०.४ मिलिमीटरची फट दिसते. त्यातच लाकूड पुसून पाहावे म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला, तेव्हा विनिअरचा काळा रंग स्प्रूसमध्ये सुमारे एक मिलिमीटरपर्यंत पसरला. शिवाय डाव्या कंबरेजवळ शिसवीचे बाइंडिंग फळीला पूर्ण टेकलेले नाही आणि तेथे नखाएवढ्या लांबीची एक सांध उघडी आहे.

फळीची जाडी सध्या २.८ मिलिमीटर आहे आणि रोझेटची खोबण १.८ मिलिमीटर खोल आहे. फळीच काढून टाकावी, असाही विचार मनात येऊन जातो. अशा वेळी आपण काय करता, आणि असे काम समोर असताना पुढचे काम करण्याचा उत्साह कसा टिकवता, हे जाणून घ्यायचे आहे.

रंधा (ठाणे)

फळी काढण्याचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. आपण सांगितलेल्या दोषांपैकी एकही गिटारच्या बळावर किंवा नादावर परिणाम करणारा नाही. साउंडहोलच्या भोवतालचा भाग ब्रेसिंगमुळे आधीच ताठ असतो. फळीची खरी हालचाल पुलाच्या (तारा फळीवर जेथे अडकतात त्या ठोकळ्याच्या) भोवती आणि खालच्या रुंद भागात होते. आंतोनियो दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदी लगद्याच्या करून एक गिटार बांधली होती, ती वरच्या फळीचे महत्त्व दाखवण्यासाठीच. म्हणून रोझेटच्या दुरुस्तीपायी संपूर्ण फळी पुनःपुन्हा घासून पातळ करणे, हा या परिस्थितीतला सर्वांत महाग पडणारा उपाय ठरेल.

आता एक प्रश्न विचारतो, कारण उपाय त्यावर ठरेल. या फटी कड्याच्या सर्व बाजूंना विखुरलेल्या आहेत, की समोरासमोरच्या दोन ठिकाणी आहेत? आणि कड्यातील शिसवीच्या रेषा (लाकडाचे तंतू) फळीच्या रेषांना समांतर आहेत की आडव्या?

शिसवतार

आपला प्रश्न वाचून पुन्हा भिंग घेऊन पाहिले. फटी दोनच ठिकाणी आहेत, एक मानेच्या बाजूला आणि दुसरी पुलाच्या बाजूला. दिसायला उठावदार वाटावे म्हणून कड्याच्या रेषा आडव्या ठेवल्या आहेत. कडे पावसाळ्यात कापले होते आणि दिवाळीनंतर बसवले.

रंधा

मग कारण स्पष्ट आहे, आणि ते आपल्या हाताच्या कौशल्याशी फारसे निगडित नाही. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकुंचन पावत नाही. ते रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते. पावसाळ्याच्या दमट हवेत कापलेले गोल कडे हवा कोरडी झाल्यावर एका दिशेने आखूड होऊन किंचित लंबगोल झाले, आणि आपण ते राउटरने (खोबण पाडणाऱ्या यंत्राने) काढलेल्या नेमक्या गोल खोबणीत बसवले. कड्याच्या रेषा आडव्या असल्याने ते तारांच्या दिशेने आखूड झाले, म्हणून फटी नेमक्या मानेकडे आणि पुलाकडे आल्या. अनेक कारागीर रोझेट सलग फळीतून न कापता लहान तुकडे जोडून, प्रत्येक तुकड्याच्या रेषा केंद्राकडे वळवून करतात. ती पद्धत केवळ नक्षीसाठी नाही. तसे कडे सर्व बाजूंनी सारखेच वागते.

यातली समाधानाची बाब अशी की मानेकडील फट फिंगरबोर्डच्या (मानेवरील बोटे टेकवण्याच्या पट्टीच्या) टोकाखाली जाणार आहे. रोझेटमधील पट्ट्यांचे सांधे बहुतेक जण मुद्दाम तेथेच ठेवतात, ते याच सोयीसाठी. म्हणजे प्रत्यक्षात दिसणारी फट एकच, पुलाच्या बाजूची. ती शिसवीच्या भुश्शात सरस मिसळून भरता येईल. असा भुस्सा सरसाने नेहमी मूळ लाकडापेक्षा गडद होतो, परंतु आपल्या फटीशेजारी काळीच रेघ असल्याने तो तिच्यातच मिसळून जाईल. मात्र सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, उघड्या स्प्रूसजवळ नेऊ नये. तो रेषांमधून आत झिरपतो आणि पॉलिशखाली पिवळसर डाग कायमचा राहतो.

पटाशी (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

फटीचा प्रश्न श्री. रंधा यांच्या उपायाने सुटेल, पण काळा डाग राहील, आणि माझ्या मते पाहणाऱ्याची नजर फटीपेक्षा डागाकडे आधी जाईल. फिकट स्प्रूसवर काळा ओघळ लपत नाही. स्क्रेपरने खरवडून तो किती खोल आहे ते पाहता येईल. पण रंग रेषांच्या आत गेला असेल तर तो निघेपर्यंत खरवडण्याइतकी जाडी आपल्याकडे नाही.

म्हणून मी जुने काढून नवे बसवण्याच्या बाजूचा आहे, पण संपूर्ण कडे काढण्याच्या नव्हे. कड्याची फक्त बाहेरची कड रुंद करावी. हिशेब असा मांडता येईल: जुनी काळी रेघ ०.६ मिलिमीटर, फट ०.४ आणि डाग सुमारे एक मिलिमीटर. कड्याच्या किंचित आतून सुरू होणारी सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीची नवी खोबण या तिन्ही गोष्टी एकदम गिळून टाकते. तिच्यात काळी, पांढरी, काळी अशी पट्टी बसवली, की पाहणाऱ्याला ते रोझेट मुळातच तसे योजलेले वाटेल. पांढरी मेपलची आणि दुहेरी घेतली तर प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या चार पट्ट्या होतील. त्या वेगवेगळ्या वाकवून खोबणीतच एकत्र चिकटवल्या तर एवढ्या वळणावर तुटत नाहीत. पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने त्या फुगतात, म्हणून कोरड्या असताना किंचित सैल बसतील इतकीच रुंदी धरावी; घट्ट बसणाऱ्या पट्ट्या गोंद लावल्यावर आत जातच नाहीत.

साउंडहोल कापून झाल्यामुळे वर्तुळाचा मध्य हरवला आहे, ही अडचण मोठी वाटते, पण नाही. छिद्रात घट्ट बसेल अशी एमडीएफची चकती तयार करावी, तिला आतून आधार देऊन तिच्या मध्यावर राउटरची खुंटी बसवावी. खोबण जुन्या खोबणीपेक्षा खोल नेऊ नये, दीड मिलिमीटर पुरेशी आहे. दोन्ही कडांच्या रेघा आधी धारदार सुरीने वर्तुळाकार कापून घ्याव्यात. स्प्रूसमध्ये मऊ आणि कठीण रेषा आलटून पालटून येतात, त्यामुळे राउटरचे पाते वर्तुळाच्या काही भागांत लाकूड कापण्याऐवजी उचकटते, आणि मग नवी खोबण जुन्या फटीपेक्षा वाईट दिसते.

भोपळा (सांगली)

मी गिटार बांधत नाही. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे दुरुस्त करतो, त्यामुळे माझे मत त्या अंगाने घ्यावे. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यांची ओळख म्हणून लोक सर्वप्रथम नक्षी दाखवतात. प्रत्यक्षात तबली (वरची लाकडी फळी) आणि भोपळा यांच्या सांध्यावरून जाणारी पट्टी नुसती शोभेची नसते. ती तो सांधा झाकते. गिटारच्या बाइंडिंगचेही तसेच आहे. ते फळीच्या उघड्या कडांना धक्क्यापासून आणि दमटपणापासून जपते. म्हणून रोझेटपेक्षा आपल्या कंबरेजवळच्या त्या उघड्या सांधीची मला जास्त काळजी वाटते. रोझेट जरा वाकडे राहिले तरी बिघडत नाही, पण बाइंडिंगखालची पोकळी पुढे घाम आणि ओल धरते आणि तेथूनच पट्टी सुटू लागते.

जर ते लाकूडकामाच्या नेहमीच्या पांढऱ्या किंवा पिवळ्या गोंदाने चिकटवले असेल, तर तो उष्णतेने मऊ पडतो. त्या जागी इस्त्रीचे टोक पातळ ओल्या कापडावरून जपून टेकवावे, पट्टी थोडी सुटली की पातळ पात्याने आत साठलेली गोंदाची गाठ खरवडावी, नवा गोंद सारावा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने खोके गच्च आवळून रात्रभर ठेवावे. कंबरेला वळण आत जाते, त्यामुळे नुसत्या आवळण्याने दाब पडत नाही. तेथे वळणाच्या आकाराचा लाकडी ठोकळा ट्यूबखाली ठेवावाच लागतो. बहुधा सांध उघडी राहण्याचे मूळ कारणही हेच असावे.

हेरिंगबोन (नाशिक)

उत्साह टिकवण्याच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून थोडे लिहितो. नक्षी चांगली म्हणजे गिटार चांगली, अशी आपली समजूत होते, आणि तिला काही अंशी इतिहासही जबाबदार आहे. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या डी-२८ या गिटारच्या कडेला पूर्वी हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) नक्षीची पट्टी असे. कंपनीने आतील ब्रेस कोरून हलके करणे १९४४ च्या सुमारास थांबवले, आणि ती पट्टी त्यानंतर दोन-तीन वर्षांत बंद झाली. पुढे जुन्या गिटारी शोधणारे लोक कडेची पट्टी पाहून आतील कामाचा अंदाज बांधू लागले. शेवटी १९७६ मध्ये कंपनीने एचडी-२८ काढली, तेव्हा कोरलेले ब्रेस आणि हेरिंगबोन दोन्ही एकत्र परत आणले. नाद ब्रेसिंगमुळे येत होता, कीर्ती मात्र पट्टीला मिळाली.

आपल्या गिटारमध्ये याच्या अगदी उलटे घडले आहे: आतले चांगले आहे आणि बाहेरचे रुसले आहे. मी अशा वेळी काम तेथेच थांबवून नक्षीकडे पाहत बसत नाही. मान तात्पुरती बोल्टने जोडतो, पूल तात्पुरता बसवतो आणि पॉलिशपूर्वीच तारा चढवून वाजवतो. आवाज कानावर पडल्यानंतर तोच दोष पाहताना त्याचे वजन बदललेले असते. कधी कधी ते वाढतेही, कारण गिटार चांगली निघाली तर रोझेटवर आणखी मेहनत घ्यावीशी वाटते. दोन्ही बाबतीत निर्णय अधिक शहाणपणाचा होतो. ज्यांची मान बोल्टऐवजी कायमची चिकटवायची आहे, त्यांना मात्र हा मार्ग उपलब्ध नाही.

श्री. पटाशी यांच्या उपायाबद्दल एक शंका आहे. नव्या काळ्या पट्ट्याही रंगवलेल्याच असतील, तर चपडा लाखेचे पॉलिश करताना तोच रंग पुन्हा पसरणार नाही का?

पटाशी

शंका अगदी योग्य आहे. पसरतो, आणि केवळ रंगवलेले विनिअरच नव्हे, शिसवीचा स्वतःचा रंगही स्पिरिटमध्ये सुटतो. म्हणूनच शिसवीच्या बाइंडिंगलगतची पांढरी रेघ पॉलिशमध्ये कित्येकदा तांबूस होते. शक्य असल्यास काळ्या पट्टीसाठी आबनूस वापरावे, नसल्यास लाकडाच्या आरपार रंगवलेले आणि आधी स्पिरिटच्या बोळ्याने तपासलेले विनिअर घ्यावे. नवी पट्टी सपाट करताना पॉलिशपेपर वापरू नये. शिसवीची काळपट धूळ स्प्रूसमध्ये रुतते. धारदार स्क्रेपरने बाहेरून आत खरवडावे.

शिसवतार

सर्वांचे मनापासून आभार. माझी मान बोल्टचीच आहे, त्यामुळे श्री. हेरिंगबोन यांनी सांगितल्याप्रमाणे तारा चढवून पाहीन. बाहेरची कड रुंद करण्याचे ठरवले आहे. आतले कडे मात्र तसेच ठेवतो. एकच विचारायचे राहिले: बाइंडिंगची दुरुस्ती, नवी पट्टी आणि तारा चढवणे यांचा क्रम कसा असावा?

रंधा

बाइंडिंग सर्वांत आधी, कारण त्यात उष्णता आणि ओल येते आणि त्यानंतर खोक्याला दोन-तीन दिवस विश्रांती द्यावी लागते. त्यानंतर तारा चढवून वाजवावे. पट्टी शेवटी, हवेतील आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असताना, आणि कापलेल्या पट्ट्या आदल्या आठवड्यापासून त्याच खोलीत ठेवून. पट्टी सपाट झाल्यावर लगेच संपूर्ण फळीवर बोळा फिरवू नये. आधी लहान ब्रशने स्प्रूस आणि मेपल यांच्यावरच पातळ चपड्याचे दोन हात द्यावेत, ते वाळू द्यावेत, मग काळ्या रेघांवर द्यावेत, आणि त्यानंतरच बोळ्याने काम सुरू करावे. सुरुवातीचे हात रोझेटच्या वर्तुळाच्या दिशेने द्यावेत, आडवे नकोत.